उंदराच्या गाठीतल्या पेशी कल्चरमध्ये वाढवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बहुतेक एम.एस्सी.च्या प्रकल्पाला लागलेल्या विद्यार्थ्यांचे आहेत, काही नव्या पीएच.डी.वाल्यांचे आणि दोन-तीन त्यांच्या आईवडिलांचे. साध्यापासून अवघडाकडे असा क्रम आहे. एका उत्तराचा धागा दुसरीकडे असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. उंदराच्या गाठीतल्या पेशी "वाढवतात" म्हणजे नक्की काय करतात?

गाठीचा तुकडा काढून त्याचे बारीक तुकडे करतात, एन्झाइमने पेशी सुट्या करतात आणि पोषक द्रवात, म्हणजे मीडियममध्ये, ३७ अंश सेल्सिअसला ठेवतात. काही पेशी फ्लास्कच्या तळाला चिकटून दुभंगू लागतात, काही तरंगत वाढतात. जागा संपत आली की थोड्या पेशी नव्या फ्लास्कमध्ये घालायच्या. याला सबकल्चर किंवा पॅसेज म्हणतात. अशी वाढ वर्षानुवर्षं टिकली की ती "सेल लाइन" झाली. तुमच्या हातात येते ती जवळजवळ नेहमी अशी तयार लाइनच असते. ताज्या गाठीपासून सुरुवात करणं हा वेगळा, बराच चिकाटीचा उद्योग आहे, कारण गाठीतल्या साध्या फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीच्या) पेशीच आधी फोफावतात आणि कॅन्सरच्या पेशी मागे पडतात.

२. माणसाच्या कॅन्सरच्या पेशी मिळत असताना उंदराच्या कशाला?

मुख्य कारण: डिशमध्ये वाढवलेली पेशी पुन्हा त्याच वंशाच्या, शाबूत प्रतिकारशक्ती असलेल्या उंदरात घालता येते. बी१६ ही मेलॅनोमाची, म्हणजे त्वचेतल्या रंगपेशींच्या कॅन्सरची, लाइन सी५७बीएल/६ या वंशातली, ४टी१ आणि सीटी२६ बाल्ब/सी वंशातल्या. हे वंश पिढ्यान्‌पिढ्या भावंडांच्या संकरातून आलेले, त्यामुळे सगळे उंदीर जवळजवळ जुळे असतात आणि गाठ "परकी" म्हणून नाकारली जात नाही. माणसाच्या पेशी घालायच्या तर प्रतिकारशक्ती नसलेला उंदीर लागतो, मग प्रतिकारशक्तीचा अभ्यास तिथेच संपतो.

दुसरं कारण इतिहासाचं. एल१२१० आणि पी३८८ या उंदराच्या रक्ताच्या कॅन्सरच्या पेशींवर अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने कित्येक वर्षं नवी औषधं चाळली. आपल्याकडेही हा धागा जुना आहे. मूळच्या पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये भारतातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभारली. त्याआधी त्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गे यांच्याकडे शिकल्या होत्या, म्हणजे ज्यांच्या प्रयोगशाळेत हेला पेशी, म्हणजे माणसाची पहिली टिकाऊ सेल लाइन, जन्मल्या त्यांच्याकडेच. उंदरांमधला स्तनाचा कॅन्सर हा रणदिव्यांच्या कामाचा गाभा होता.

३. प्रकल्पासाठी कुठली लाइन घेऊ?

प्रश्न आधी ठरवा, लाइन नंतर. मला उलटंच विचारलं जातं.

बी१६ची मूळ गाठ १९५४मध्ये जॅक्सन लॅबोरेटरीतल्या एका उंदराला आपोआप झाली. पुढे आयझाया फिडलर यांनी १९७०च्या दशकात या पेशी शिरेतून टोचायच्या, फुप्फुसात रुजलेल्या काढून वाढवायच्या, पुन्हा टोचायच्या, अशा दहा फेऱ्यांतून बी१६-एफ१० निवडली. फुप्फुसात पसरण्याचा अभ्यास असेल तर ही. ४टी१ स्तनाच्या गाठीतली. ती फुप्फुस, यकृत, हाडं आणि मेंदू इथवर स्वतःहून पसरते. शिवाय ६-थायोग्वानिन या औषधाला ती दाद देत नाही, त्यामुळे उंदराचं फुप्फुस विरघळवून त्या औषधाच्या मीडियममध्ये घातलं की बाकी सगळ्या पेशी मरतात आणि पसरलेल्या ४टी१च्या वसाहती मोजता येतात. इतकी सोयीची खूण क्वचित मिळते. सीटी२६ मोठ्या आतड्याची, लुईस लंग कार्सिनोमा फुप्फुसाची, ईएल४ लिम्फोमाची.

एल९२९ला गाठीची लाइन म्हणून घेऊ नका, असं मी सुचवेन. ती उंदराच्या संयोजी ऊतीतून आली, एकाच पेशीपासून वाढवलेली पहिली क्लोन म्हणून ती प्रसिद्ध आहे आणि वैद्यकीय साहित्याची विषारीपणाची चाचणी हे तिचं आजचं मुख्य काम.

४. पेशी कुठून घ्यायच्या? शेजारच्या लॅबमधल्या मैत्रिणीने फ्लास्क दिला तर?

पुण्यात विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र आहे, सगळे त्याला एनसीसीएस म्हणतात. त्यांच्या संग्रहातून देशभरातल्या संशोधकांना लाइन मिळतात. अर्ज संस्थेमार्फत करावा लागतो, वैयक्तिक नाही.

मैत्रिणीचा फ्लास्क फुकट पडतो, पण त्याबरोबर कितवा पॅसेज, कोणतं सीरम (मीडियममध्ये घालायचा रक्ताचा द्रव भाग), मायकोप्लाझ्मा या छुप्या जिवाणूची शेवटची चाचणी कधी, हे कुणाला आठवत नाही. घ्यायचाच असेल तर चाचणी होईपर्यंत वेगळ्या इनक्युबेटरमध्ये ठेवा (प्र. ११ आणि १२).

५. डीएमईएम की आरपीएमआय? आणि सीरम किती?

ही दोन मीडियमची नावं. लाइनबरोबर आलेल्या कागदावर जे लिहिलंय ते घ्या. साधारणतः चिकटणाऱ्या पेशींना डीएमईएम, तरंगणाऱ्यांना आरपीएमआय १६४०, दोन्हींत १० टक्के फीटल बोव्हाइन (गाईच्या गर्भाचं) सीरम आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. पण हा नियम नव्हे. ४टी१ आणि सीटी२६ चिकटतात, तरी त्या आरपीएमआयमध्येच वाढवतात.

मध्येच मीडियम बदलू नका. डीएमईएममध्ये ग्लुकोज लिटरला १ किंवा ४.५ ग्रॅम असू शकतं, आरपीएमआयमध्ये २ ग्रॅम. वाढीचा वेग, चयापचय, बी१६चा रंगसुद्धा यावर बदलतो (प्र. १०). सीरमचा प्रत्येक लॉट वेगळा असतो. शक्य असेल तर पूर्ण प्रकल्पाला पुरेल इतकं एकाच लॉटचं घेऊन ठेवा. ग्लुटामिन द्रवात हळूहळू विघटित होतं, म्हणून उघडून महिने झालेली मीडियमची बाटली "अजून गुलाबीच आहे" म्हणून वापरायची नाही. तो गुलाबी रंग फक्त पीएच सांगतो.

६. गोठवलेल्या पेशींची व्हायल (कुपी) थॉ केली, म्हणजे वितळवली, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या पेशी तरंगत होत्या. मेल्या का?

लाइन तरंगणारी असेल तर अभिनंदन. चिकटणारी असेल तर बहुधा हो. गोठवताना मिनिटाला साधारण १ अंश इतक्या संथपणे थंड करायचं असतं, थॉ करताना उलट: ३७ अंशांच्या पाण्यात झटपट, थोडासा बर्फ उरला असतानाच बाहेर. गोठवताना घातलेला डीएमएसओ हा द्रावक पेशींना उबदार अवस्थेत सोसत नाही, म्हणून लगेच मीडियममध्ये पातळ करा. आणि व्हायल उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये वर्षभर पडून होती का, तेही विचारा. तिची जागा द्रव नायट्रोजनमध्ये.

७. पेशी किती झाल्यावर पॅसेज करायचा?

तळाचा ७० ते ८० टक्के भाग भरला की. पूर्ण भरू दिलं तर पुढचे एक-दोन पॅसेज त्या विचित्र वागतात, आणि वारंवार तसं केलं तर गर्दीत तगणाऱ्या पेशींची निवड होत जाते. चिकटलेल्या पेशी सोडवणारं ट्रिप्सिन हे एन्झाइम घालण्याआधी सीरमचा अंश धुऊन काढा, कारण सीरममध्येच ट्रिप्सिनला रोखणारे घटक असतात. "ट्रिप्सिन चालत नाही" या तक्रारींपैकी बहुतेक इथे संपतात. बी१६ पटकन सुटतात, त्यांना दहा मिनिटं ट्रिप्सिनमध्ये शिजवू नका.

पॅसेज क्रमांक फ्लास्कवर आणि वहीत, दोन्हीकडे लिहा. पेशी बदलत जातात. पाचव्या पॅसेजचा आणि पन्नासाव्या पॅसेजचा आलेख एकाच चित्रात शेजारी ठेवणं मला पटत नाही, मार्गदर्शक काही म्हणोत.

८. डबलिंग टाइम, म्हणजे पेशी दुप्पट व्हायला लागणारा वेळ, कसा काढायचा? माझा २२ तास येतो, मैत्रिणीचा १६. पेशी त्याच!

हा सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न आणि बहुतेक वेळा दोघींचे काउंट बरोबर असतात.

उदाहरण घेऊ. तुम्ही प्लेटच्या प्रत्येक वेलमध्ये (खळग्यात) ५०,००० पेशी घातल्या. २४ तासांनी ६०,००० होत्या, ७२ तासांनी ४,८०,०००. मैत्रिणीने २४ ते ७२ तासांमधला काळ धरला. ६०,०००चे ४,८०,००० म्हणजे आठपट, म्हणजे तीन वेळा दुप्पट, ४८ तासांत. उत्तर १६ तास. तुम्ही शून्य तासापासून धरलं. ५०,०००चे ४,८०,००० म्हणजे ९.६ पट, सुमारे ३.२६ वेळा दुप्पट, ७२ तासांत. उत्तर २२ तास. आकडे तेच.

फरक पहिल्या दिवसाचा आहे. ट्रिप्सिनमधून निघालेल्या पेशी चिकटतात, पसरतात, सावरतात, त्यात काही मरतात. हा लॅग टप्पा. त्यानंतरचा लॉग टप्पा, जिथे वाढ खऱ्या अर्थाने दुपटीने होते, आणि शेवटी जागा व अन्न संपल्यावरचा प्लॅटो. डबलिंग टाइम फक्त लॉग टप्प्याचा असतो. सूत्र: मधले तास गुणिले लॉग २, भागिले शेवटच्या आणि सुरुवातीच्या संख्येच्या गुणोत्तराचा लॉग.

तेव्हा दोनच बिंदूंवर काम भागवू नका. रोज एकदा, किमान तीन वेल मोजून, पाच-सहा दिवस आलेख काढा, तोही लॉग अक्षावर. सरळ रेषेतला भाग डोळ्यांना दिसतो, तेवढाच धरा. कागदावरच्या आकड्याशी तुमचा आकडा तंतोतंत जुळायची गरज नाही. तुमच्याच लॅबमधला मागच्या महिन्याचा आकडा आणि आजचा जुळतो का, हे महत्त्वाचं. अचानक १६चे २४ झाले तर थेट प्र. ११.

९. पेशी मोजू की एमटीटी करू? एमटीटी तर सोपं आहे.

सोपं आहे म्हणूनच घोळ होतो.

हिमोसायटोमीटरवर, म्हणजे चौकोन आखलेल्या काचेवर, तुम्ही पेशी मोजता. ट्रिपॅन ब्लू समप्रमाणात मिसळलं, चार कोपऱ्यांच्या चौकोनांत मिळून १६० जिवंत दिसल्या, तर सरासरी ४०, गुणिले २, गुणिले १०,०००, म्हणजे मिलिलिटरला ८ लाख. निळी पेशी मेलेली, कारण तिचं आवरण फाटलंय. मरणाच्या वाटेवर असलेली पण आवरण शाबूत असलेली पेशी मात्र "जिवंत" म्हणून मोजली जाते.

एमटीटीत तुम्ही पेशी मोजतच नाही. मोस्मान यांनी १९८३मध्ये मांडलेल्या या चाचणीत पिवळ्या रसायनाचं चयापचयामुळे जांभळ्या स्फटिकांत रूपांतर होतं आणि तुम्ही जांभळेपणा मोजता. औषधाने मायटोकॉन्ड्रिया मंदावले तर पेशी तेवढ्याच राहूनही रंग उतरतो.

त्याहून मोठी चूक निष्कर्षात होते. वेलमध्ये ५,००० पेशी, डबलिंग टाइम १६ तास, ४८ तासांनी औषधाविना ४०,०००. औषध घातलेल्या वेलमध्ये २०,०००. प्रबंधात लिहिलं जातं: "औषधाने ५० टक्के पेशी मेल्या." पण ५,०००च्या २०,००० झाल्यात! तिथे एकही पेशी मेली नसेल, फक्त दुपटीची एक फेरी कमी झाली असेल. म्हणून औषध घालण्याच्या क्षणी एक वेगळी प्लेट मोजून ठेवा. हा शून्य तासाचा आकडा नसेल तर वाढ मंदावली, थांबली की पेशी मेल्या हे सांगता येत नाही, आणि मी तरी परीक्षक म्हणून तेवढं एकच विचारीन.

जाता जाता: ९६ वेलच्या प्लेटमध्ये कडेच्या वेलमधलं पाणी जास्त उडतं. तिथे नुसतं बफर भरा, नमुने आत ठेवा.

१०. माझ्या बी१६ पेशींचा मीडियम काळा पडला. फेकून देऊ?

नको. ते मेलॅनिन आहे, मेलॅनोमाच तो. गर्दी वाढली की जास्त बनतं, आणि मेलॅनिनचा कच्चा माल असलेलं टायरोसिन डीएमईएममध्ये आरपीएमआयपेक्षा बरंच जास्त असतं, म्हणून तिथे पेशी अधिक काळ्या होतात. ढगाळपणा किंवा वास असेल तर मात्र वेगळी गोष्ट.

उलट बाजूने, पेलेट (तळाशी बसवलेल्या पेशींचा गोळा) अगदी पांढरं आलं तरी लगेच घाबरू नका, बी१६ रंग गमावूही शकतात. खरी अडचण एमटीटीत आहे: मेलॅनिन स्वतः प्रकाश शोषतं, त्यामुळे वाचन फुगतं. काळ्या बी१६वर पेशी थेट मोजणं किंवा वसाहती मोजणं अधिक भरवशाचं.

११. मीडियम स्वच्छ आहे, बुरशी नाही, पण पेशी हळू वाढतायत. काय झालं असेल?

सीरम, मीडियम आणि पॅसेज क्रमांक तपासून झाले असतील तर मायकोप्लाझ्मा. या जिवाणूंना पेशीभित्तिका नसते, म्हणून पेनिसिलिनचा त्यांच्यावर उपयोग शून्य. ते इतके लहान आणि लवचीक की ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही निसटू शकतात. मीडियम गढूळ होत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाहीत. पेशींचं अन्न खातात, डबलिंग टाइम वाढवतात, एमटीटी बिघडवतात. पीसीआर किंवा डीएनएला चिकटणाऱ्या रंगाने केंद्रकाबाहेर चमकणारे ठिपके पाहणं, यातलं काहीतरी दर महिन्या-दोन महिन्यांनी करा. सापडलं तर तो फ्लास्क ऑटोक्लेव्ह करून (वाफेने निर्जंतुक करून) टाका आणि नवी व्हायल काढा. उपचार करणारी अँटिबायोटिक्स आहेत, पण ती पुन्हा न मिळणाऱ्या लाइनसाठी राखून ठेवा.

बुरशी ही आपल्याकडची पावसाळी पाहुणी. जुलै-ऑगस्टमध्ये इनक्युबेटरमधला पाण्याचा ट्रे दर आठवड्याला बदला, पुठ्ठ्याचे खोके कल्चर रूमबाहेर ठेवा, एसीची जाळी धुऊन घ्या.

१२. माझ्या पेशी खरंच त्याच आहेत, हे कसं कळणार? एसटीआर केलं की झालं ना?

एसटीआर म्हणजे डीएनएतल्या पुन्हापुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांवरून ओळख पटवणं. माणसाच्या लाइनला बऱ्याच अंशी हो. उंदराच्या बाबतीत इथे गोची आहे.

एकतर माणसाचे एसटीआर मार्कर उंदराला चालत नाहीत, उंदराचे वेगळे मागवावे लागतात. दुसरं, बी१६, लुईस लंग आणि ईएल४ तिन्ही सी५७बीएल वंशातल्या, म्हणजे मुळात जवळजवळ एकाच जनुकीय साच्याच्या. प्र. २मध्ये जे वरदान होतं तेच इथे आड येतं. वंश ओळखता येतो, पण एकाच वंशातल्या दोन लाइन वेगळ्या ओळखायला गाठीत झालेल्या बदलांवरच भिस्त ठेवावी लागते. म्हणून आकार, मेलॅनिन, ४टी१चा ६-थायोग्वानिनला न जुमानणं, अशा गुणांची साक्षही जोडीला घ्या.

प्रजातीचा घोळ पकडायला गुणसूत्रंसुद्धा पुरतात. उंदराची मूळ ४० गुणसूत्रं जवळपास सगळी एका टोकाला जोडलेली, इंग्रजी व्हीसारखी दिसतात, माणसाची बहुतेक एक्ससारखी. गाठीच्या पेशीत संख्या भरकटलेली असते, पण आकार लगेच डोळ्यांत भरतो.

१३. कण्हेरीच्या पानांच्या अर्काने माणसाच्या पेशी मेल्या, उंदराच्या ढिम्म. अर्क खराब झाला का?

अर्क बहुधा ठीक आहे. कण्हेर, पिवळी कण्हेर आणि रुई यांत कार्डियाक ग्लायकोसाइड्स असतात. ती पेशीच्या आवरणातला सोडियम-पोटॅशियम पंप बंद करतात. उंदीर-घुशींच्या पंपाचा तो भाग अशा घडणीचा असतो की ही द्रव्यं नीट चिकटतच नाहीत, त्यामुळे माणसाच्या पेशींच्या मानाने शेकडो पट किंवा त्याहूनही जास्त मात्रा लागते. या वर्गाच्या द्रव्यांसाठी उंदराची लाइन हीच निवड चुकीची. आणि "माणसाच्या पेशी मेल्या" यावरही हुरळू नका. हे विष आहे, निरोगी माणसाच्या पेशीही तितक्याच मरतात.

वनस्पतींच्या अर्कांबद्दल आणखी दोन गोष्टी. पॉलिफेनॉल पेशींशिवायही एमटीटीला जांभळं करतात, म्हणून पेशी नसलेल्या वेलमध्ये नुसता अर्क घालून पाहाच. आणि ज्या डीएमएसओत अर्क विरघळवला तेवढाच डीएमएसओ कंट्रोलमध्येही घाला. अंतिम प्रमाण ०.५ टक्क्याच्या आत ठेवा, कमी तितकं चांगलं.

१४. माणसाचा इंटरफेरॉन गॅमा फ्रीजमध्ये आहे. उंदराच्या पेशींवर चालेल?

नाही. प्रतिकारशक्तीचं हे संदेशवाहक प्रथिन उंदराच्या पेशींना उंदराचंच लागतं. पण इंटरल्यूकिन-२ हे तसंच प्रथिन माणसाचं असलं तरी उंदराच्या पेशींवर चालतं. प्रत्येक प्रथिनाचं आधी तपासा, अंदाज बांधू नका.

१५. आम्ही डीएलए (डाल्टन लिम्फोमा) आणि एर्लिख या गाठींच्या पेशी उंदराच्या पोटातल्या पाण्यातून काढतो, तीन तास अर्कात ठेवतो, ट्रिपॅन ब्लूने मोजतो. हे कल्चर झालं का?

हे तात्पुरतं ठेवणं झालं. तीन तासांत एकही पेशी धड दुभंगत नाही, तेव्हा या पद्धतीने वाढीबद्दल काही सांगता येत नाही, फक्त झटपट मारणारा विषारीपणा कळतो. आपल्याकडच्या महाविद्यालयांत ही पद्धत स्वस्त म्हणून रुळली आहे. निष्कर्ष तेवढाच लिहिला तर माझी काही हरकत नाही. मात्र या पेशी उंदरात राखाव्या लागतात, म्हणजे प्र. १७ लागू.

१६. थ्रीडी स्फेरॉइड (पेशींचे गोळे) करणं खरंच गरजेचं आहे का?

औषध गाठीच्या आत पोचतं का, ऑक्सिजन कमी असताना पेशी काय करतात, असे प्रश्न असतील तर हो. ऑक्सिजन ऊतीत १५० ते २०० मायक्रॉनपर्यंतच झिरपतो, त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरचा गोळा झाला की त्याच्या गाभ्यातल्या पेशी मरू लागतात. सपाट डिशमध्ये हे दिसणारच नाही. नुसता डबलिंग टाइम हवा असेल तर उगाच खर्च करू नका. न चिकटणाऱ्या गोल तळाच्या प्लेट महाग वाटल्या तर साध्या वेलला अगारोजचा थर देऊनही काम होतं.

१७. यासाठी नैतिक समितीची परवानगी लागते का?

तयार लाइन डिशमध्ये वाढवायला प्राणी नैतिक समितीची लागत नाही. उंदरात टोचणं, उंदरातून गाठ काढणं, पोटात पेशी राखणं, याला संस्थेच्या समितीची आधी परवानगी हवी. पेशींत बाहेरचं जनुक घातलं असेल, अगदी चमकणाऱ्या ल्युसिफरेजचं का असेना, तर संस्थेची जैवसुरक्षा समितीही आली. कचरा नेहमीच जैववैद्यकीय.

१८. मुलगी रोज कॅन्सरच्या पेशी हाताळते. तिला कॅन्सर होईल का?

आईवडिलांनो, निरोगी माणसाची प्रतिकारशक्ती उंदराच्या पेशी तगू देत नाही, त्या दुसऱ्या प्रजातीच्या आहेत. तरीही हातमोजे, कॅबिनेट आणि सुई जपून वापरणं सक्तीचं, कारण उंदराच्या अनेक लाइनमध्ये उंदराचे रेट्रोव्हायरस असतात आणि लॅबमधली बाकीची रसायनं तर त्याहून जास्त लक्ष ठेवण्यासारखी. द्रव नायट्रोजनच्या टाकीशी चेहऱ्यावर ढाल लावून काम करते का, हे तिला जरूर विचारा.

१९. डिशमध्ये औषधाने वाढ पूर्ण थांबली, उंदरात गाठ वाढतच गेली. आणि उलटही झालं. विश्वास कशावर ठेवू?

दोन्हींवर, आपापल्या प्रश्नापुरता. डिशमध्ये औषध पेशीला तासन्‌तास भिडलेलं असतं, उंदरात यकृत ते मोडतं, मूत्रातून ते जातं, गाठीच्या आत ते अर्धवट पोचतं. रक्तात जितकी मात्रा कधी पोचूच शकत नाही तितकी डिशमध्ये घालून "प्रभावी" म्हणणं ही जुनी खोड आहे. त्या द्रव्याची रक्तातली कमाल पातळी आधी शोधा, मगच मात्रा ठरवा.

उलट प्रकार जास्त गमतीचा. पीडी-१ला (टी पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींना, आवरणाऱ्या प्रथिनाला) अडवणारी अँटिबॉडी सीटी२६च्या डिशमध्ये टाकली तर वाढीत फरक पडत नाही, कारण ती गाठीच्या पेशीवर नाही, टी पेशींवर काम करते आणि डिशमध्ये टी पेशी नाहीत. तीच बाल्ब/सी उंदरात दिली तर काही गाठी आक्रसतात. बी१६-एफ१०ला मात्र उंदरातही ती एकटी फारसं काही करत नाही. अशा द्रव्यासाठी एमटीटीच्या प्लेट लावण्यात महिना घालवू नका. डिशमध्ये काही करायचंच असेल तर त्याच वंशाच्या उंदराच्या प्लीहेतून टी पेशी काढून गाठीच्या पेशींबरोबर ठेवा, आणि मोजताना कोणती पेशी कुणाची हे ओळखायची सोय आधी करून घ्या, कारण एमटीटीचा जांभळा रंग दोघींचाही सारखाच असतो.